दुकानाचं नाक

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की वहिनी सगळ्यात आधी मागच्या कोठीत जायची. दिवा लावायची नाही. वाइनच्या बाटल्यांना उजेड सोसत नाही हे सासऱ्यांनी तिला नवी नवरी असतानाच शिकवलं होतं, आणि अंधारात तिचं काही अडायचंही नाही. दारामागच्या खुंटीवर, कापडी खोळीत, तिच्या नवऱ्याचा कोट टांगलेला असायचा. खोळीची नाडी सोडायची, कॉलर उलटी करायची आणि आत नाक खुपसायचं. मग पुढचा दिवस सुरू.

कोटाला तीन वास होते. वरचा डिझेलचा, कारण नवरा जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनाशी झटापट करत राहिला. त्याखाली लवंगेचा, कारण त्याच्या गालात सदान्‌कदा लवंग असायची. आणि अगदी तळाशी, अस्तराच्या शिवणीत, सिगरेटचा. सिगरेट त्याने सोडली होती. म्हणजे घरादारासमोर, वडिलांचा हात हातात घेऊन तशी शपथ घेतली होती, आणि त्यानंतर सगळं बेट आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण देत होतं. वहिनीला मात्र थोड्याच दिवसांत कोटाने सगळं सांगून टाकलं. लवंग कशाला लागते हेही मग आपसूक कळलं. तिने त्याला विचारलं नाही की कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. संसारात नवऱ्याची एखादी चोरी आपल्या गाठीला असावी, कधीतरी कामाला येते, असं तिचं मत होतं. कामाला यायची वेळ आलीच नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी इंजिनाशेजारी उभ्या उभ्याच तो गेला, आणि ते गुपित तिच्याकडे आणि कोटाकडे राहिलं.

मग ह्या हिवाळ्यात तिला ताप आला. चांगला सणसणीत ताप. तो उतरला, भूक लागली, पायात ताकद आली, आणि एक दिवस शेगडीवर दूध करपून काळं झालं तरी शेजारी उभ्या असलेल्या वहिनीला पत्ता नाही. तिने पातेलं तसंच टाकलं आणि धावत कोठीत गेली. खोळ सोडली, तोंड कोटात खुपसलं. काही नाही. नुसतं गार कापड.

दुकान बुडेल, लोक हसतील, हे सगळं तिच्या मनात नंतर आलं. त्या क्षणी ती घाबरली ती वेगळ्याच विचाराने. माझं नाक गेलंय हे तर झालंच, पण मधल्या काळात कोटातला वासही उडून गेला असेल तर? मला कळणार कसं? आणि विचारू कुणाला?

तिने कुणालाच विचारलं नाही. पडद्याचं कापड आणते असं सांगून ती पलीकडच्या काठावर गेली आणि डॉक्टरांना दाखवून आली. डॉक्टर भला माणूस होता, त्याने खोटी आशा लावली नाही. वास परत येईलही, नाही येणारही, वाट बघा, म्हणाला. येताना पडद्याचं कापड आणावंच लागलं. घाईत घेतलेलं ते भडक केशरी कापड दुकानाच्या खिडकीला लोंबायला लागलं, आणि वहिनीची आवड अशी कशी बिघडली म्हणून बेटावर चार दिवस चर्चा झाली.

आता एक नाक गेल्याचं एवढं काय, असं वाटेल. पण बेटावर वाइनचं हे एकच दुकान, आणि दुकानात मोलाचं होतं ते वहिनीचं नाक. सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा ते आपल्या पोरीच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं. मुलगा इंजिनात रमला होता, त्याच्याकडून आशा नव्हती. पोरीला ते रोज संध्याकाळी ग्लास ओळीने मांडून वास घ्यायला बसवत. पोरगी एकेका ग्लासात नाक घालायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "ओलं कुत्रं." पुढचा ग्लास. "तेच कुत्रं, वाळलेलं." सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात घरात सून आली. आल्या आल्या एका बंद बाटलीजवळून जाताना ती सहज म्हणाली, "हिचं बूच आतून सडलंय का हो?" बाटली फोडली. सडलं होतं. त्या दिवसापासून दुकान सुनेचं झालं आणि पोरगी रंगांच्या नळ्या घेऊन वरच्या खोलीत गेली ती तिथलीच होऊन राहिली.

ती पोरगी म्हणजे वहिनीची नणंद. लग्नाच्या वेळी परकर सावरत पळणाऱ्या त्या मुलीला वहिनीने थट्टेने "वन्सं" म्हणायला सुरुवात केली, आणि मग "वन्सं, तू" असं ते दोन्ही टोकांचं संबोधन कायमचं चिकटलं. उलट नणंद दिवसभर जिन्यावरून "वहिनीऽ" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडायची की बेटावरचे लहानथोर तिला वहिनीच म्हणायला लागले. नणंदेने लग्न केलं नाही. ती शाळेच्या भिंती, बोटींवरची नावं, हॉटेलांच्या पाट्या रंगवायची आणि उरलेल्या वेळात आपली चित्रं काढायची, जी कुणी बघितली नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. दोघी एका घरात, एका चुलीवर, भांडत आणि जेवत, आता पन्नाशीच्या आगेमागे पोचल्या होत्या. पण वहिनीच्या मनात एक सल होताच. हिच्या वाटणीचं दुकान आपण ह्या नाकाच्या जोरावर घेतलं. आता नाकच नाही, तर आपण इथे कोण?

म्हणून तिने नणंदेलाच सांगितलं नाही. बाकी कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

दरवर्षी मोसमाच्या सुरुवातीला दुकानात एक शनिवार-रविवार वाइन चाखण्याचा असे. फेरीबोट जादा खेपा करी, पलीकडची माणसं येत, वहिनी एकेक बाटली उघडून त्यांना वास घ्यायला शिकवी. ह्या वर्षी ते रद्द करावं तर लोक कारण विचारणार. वहिनीने डोकं चालवलं. ज्यांचे वास तिला तोंडपाठ होते अशाच बाटल्या तिने निवडल्या. डोळे मिटून त्यांच्याबद्दल बोलता आलं असतं. आणि लोकांचं लक्ष जरा दुसरीकडे राहावं म्हणून ती नणंदेला म्हणाली, "वन्सं, ह्या खेपेला भिंतींवर तुझी चित्रं लावू या."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. "माझी?"

"मग काय पडद्यांची?"

नणंद जिना चढून गेली आणि दोन दिवस धड बोलली नाही. तिला आनंद झाला की राग येतो, हे वहिनीला माहीत होतं. मग वरून कुंचले आपटल्याचे, फ्रेमा ठोकल्याचे, स्वतःलाच शिव्या घातल्याचे आवाज यायला लागले. जुनी चित्रं तिला अचानक फिकी वाटली म्हणून तिने ती परत तैलरंगांनी उजळली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून शुक्रवारी सगळ्यांवरून वार्निशचा जाड हात फिरवला. संध्याकाळी दोघींनी मिळून चित्रं लावली. धक्का, बोटी, इंजिनाच्या खोलीचं दार, खिडकीतल्या बाटल्या. वारा सुटला होता म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. एका चित्रात इंजिनाच्या दारातून बाहेर आलेला नुसता एक हात होता, काळ्या तेलाने माखलेला. तो कुणाचा हे विचारायला नको होतं. वहिनी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "डावीकडून जरा वर घे."

वार्निश आणि टर्पेंटाइनचा वास त्या बंद खोलीत रात्रभर मुरला. एकीला तो येत नव्हता. दुसरी इतकी वर्षं त्याच वासात जेवत-झोपत होती, तिला तो असल्याचंच भान नव्हतं. बेटावर ह्या दोघी सोडून तिसरं कुणीही त्या खोलीत असतं तर खिडकी उघडायला धावलं असतं.

शनिवारी पहिल्या बोटीने माणसं आली. पुढे फेरीबोटीचा कप्तान, नवऱ्याचा जुना दोस्त, ज्याला चाखलेली वाइन थुंकायचं भांडं पुढे केलं की राग यायचा. "वहिनींनी ओतलेलं मी पोटात घालतो," तो दरवर्षी म्हणायचा. त्याच्यामागे शाळेतले निवृत्त मास्तर. आणि पलीकडच्या काठावर नवीन हॉटेल काढलेल्या एक मॅडम, ज्या पुढच्या मोसमाची वाइन इथून घ्यायची की नाही हे बघायला आल्या होत्या. बाकी पाहुणे त्यांच्या मागेपुढे. दारातून आत पाय टाकताच कप्तानाने डोळे चोळले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. पण वहिनीच्या दुकानात वासाबद्दल वहिनीच बोलणार, हा इथला अलिखित नियम होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

वहिनीने पहिली पांढरी वाइन ओतली. "आधी नाक," ती म्हणाली. "घाई नको. काय येतंय?"

सगळ्यांनी आज्ञाधारकपणे नाकं ग्लासांत घातली.

"हिरवं सफरचंद," वहिनीनेच सांगितलं. "नुकतं कापलेलं. आणि मागून ओला दगड. येतोय ना?"

"येतोय," कप्तान म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चांगला मोठा दगड आहे."

मास्तर खोकले. "जरा… तीव्र आहे ह्या वर्षीची."

"तीव्र? छे! ही तर अगदी हलकी, मास्तर. जरा शांतपणे घ्या."

हॉटेलवाल्या मॅडमना बेटाचा नियम माहीत नव्हता. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि चारचौघांत विचारलं, "इथे टर्पेंटाइनचा इतका भपकारा येतोय की माझं डोकं उठलंय. सफरचंद कुठून येणार? तुम्हाला येत नाही का हा वास?"

वहिनीचा बाटली धरलेला हात तसाच राहिला. तिने एकदा खोल श्वास घेतला, जणू आता तरी येईल. काही आलं नाही. भिंतीशी, आपल्या चित्रांजवळ, हात बांधून उभ्या असलेल्या नणंदेकडे तिची नजर गेली, आणि ती लगेच खाली वळली. जन्मभर चेहरे न्याहाळत आलेल्या बाईला तेवढं पुरलं.

"येतोय कसा नाही!" नणंद कडाडली. "काल संध्याकाळपासून येतोय तिला. हात जोडून सांगत होती, वन्सं, हे ओलं आहे, उद्या नको. मीच ऐकलं नाही. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा माझी चित्रं भिंतीला लागतायत, वासाचं एक अक्षर काढलंस तर बघ! बिचारी माझ्यापायी टर्पेंटाइनात सफरचंद शोधत बसलीय. आणि तुम्ही हो कप्तान, दगड येतोय म्हणे! बघत काय बसलात? हात लावा."

हशा पिकला. मोकळा, सुटल्यासारखा हशा. कप्तान उठला, मास्तर उठले, नणंदेने स्वतः आपली चित्रं एकेक करून खिळ्यांवरून उतरवली आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. खिडक्या उघडल्या. समुद्रावरचा वारा घरभर फिरला, आणि अंगणातही फिरला, वाळू घेऊन. ओल्या वार्निशवर वाळू बसत गेली. नणंद दारात उभी राहून ते बघत होती. वहिनीने ते बघितलं, पण ग्लास भरायचे होते, माणसं बोलत होती, आणि ती काउंटरमागेच राहिली.

दिवसभर नणंदेची थट्टा चालली. "काय वन्सं, आम्हाला वार्निशचा एक ग्लास द्या," असं कप्तान येता जाता म्हणत राहिला. एरवी त्याला तिने दारापर्यंत फोडून काढलं असतं. आज ती नुसती मान हलवायची.

दिवेलागणीला शेवटची बोट गेली. वहिनी ग्लास विसळत होती, नणंद पुसत होती.

"कधीपासून?" नणंदेने विचारलं.

"तापापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस." नणंदेने फडकं आपटलं. "परवा मी मासे आणले ते खराब होते, मी म्हटलं, तू गप्प कशी! मला वाटलं माझ्यावर रुसली आहेस. मीही रुसले. उगीच!"

"तुला कोणत्या तोंडाने सांगू?" वहिनी नळाकडे बघत म्हणाली. "बाबांनी हे दुकान तुला द्यायचं ठरवलं होतं. मला मिळालं ते नाकामुळे. आता नाक नाही, मग माझा इथे काय हक्क? रोज शटर उघडताना वाटतं, आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय."

नणंदेने तिच्याकडे असं बघितलं की वहिनीने नळ बंद केला.

"वहिनी, तू खरंच एवढी खुळी आहेस?" ती म्हणाली. "ओलं कुत्रं काय, वाळलेलं कुत्रं काय, तुला खरं वाटलं ते? मला सगळं यायचं. बाबा ग्लास लावायचे तेव्हा मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं कुठली कुठे आहे. एकदा बरोबर सांगितलं असतं तर जन्मभर ह्या काउंटरमागे उभी राहिले असते. मला रंगवायचं होतं. मग रोज कुत्रं. बाबा बिचारे कपाळ बडवून घ्यायचे. आणि तू आलीस, त्या बुचाचा वास ओळखलास, तेव्हा मी वर जाऊन उशीत तोंड घालून हसले होते. सुटले एकदाची! तू माझं दुकान घेतलं नाहीस गं. माझ्या मानेवरचं जू उचललंस."

वहिनी ओल्या हातांनी स्टुलावर बसली. इतकी वर्षं जपलेला अपराध असा एका वाक्यात कुणी हातातून काढून घेतला की माणसाला थोडं लुटल्यासारखंही वाटतं. "अगं पण मला सांगायचंस ना हे!" ती म्हणाली.

"तू मला सांगितलंस?"

दोघी हसायला लागल्या, आणि वहिनीचं हसणं मध्येच बदललं तेव्हा नणंदेने फडकं तिच्या हातात दिलं. ते ग्लास पुसायचं फडकं आहे हे वहिनीच्या लक्षात आलं, पण तिने त्यानेच डोळे पुसले.

रविवारी वहिनीने एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. माणसं बसली, कप्तानाने "वन्सं, आज वार्निश की रॉकेल?" असं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तिने काउंटरवर चमचा वाजवला.

"काल माझ्या नणंदेने तुम्हाला एक थाप मारली," ती म्हणाली. "मला वास आला नव्हता. मला हिवाळ्यापासून कसलाच वास येत नाही. माझी अब्रू झाकायला तिने स्वतःची चित्रं वाऱ्यावर टाकली. तेव्हा थट्टा करायची तर माझी करा. आणि आज नाक म्हणून ती बसणार आहे, मी नुसतं बोलणार आहे. चालत असेल तर ग्लास पुढे करा."

वहिनीने दोन्ही हातांनी काउंटर धरून ठेवलं होतं. सगळ्यात आधी कप्तानाचा ग्लास पुढे आला.

"म्हणजे मागे तुम्ही मला दिलेली ती बाटली," तो हळूच म्हणाला, "ती आंबलेलीच होती तर."

"आंबलेली? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चांगली म्हणालात. मला वाटलं माझीच जीभ गेली. बायकोने ती सॅलडवर ओतून संपवली. सॅलड फार छान झालं होतं हो."

वहिनीला त्याच्या त्या भोळ्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याकडे बघवेना, इतकी माया दाटून आली. तिने त्याचा ग्लास काठोकाठ भरला, जे वाइनच्या दुकानात कधी करू नये.

मग गंमत सुरू झाली. नणंद ग्लासात नाक घालायची, डोळे मिटायची आणि मनाला येईल ते बोलायची. "आईच्या शिवणाच्या डब्यातला वास. लाकडी रिळं असायची ना, तो." वहिनी जरा विचार करून पाहुण्यांना सांगायची, "जुन्या लाकडी पिंपातली आहे ही, सावकाश प्या." नणंद म्हणायची, "हिला जांभळ्या रंगाचा वास येतोय, पण कडेला तपकिरी." वहिनी म्हणायची, "पिकलेल्या काळ्या फळांची, आणि किंचित जळलेली साखर." वास एकीचा आणि शब्द दुसरीचे, मध्ये एकच ग्लास. मास्तर एकदा ऐकता ऐकता प्यायचेच विसरले.

हॉटेलवाल्या मॅडम कालची आठवण ठेवून जरा दुरून बघत होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेली जुनी लाल वाइन वहिनीने उघडली. नणंदेने वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "ओला पुठ्ठा," ती पुटपुटली. "तळघरात विसरलेला."

वहिनीने बाटली तिथेच बाजूला ठेवली. "बूच सडलंय. ही नाही, दुसरी देते."

मॅडमनी तरी ग्लास मागून घेतला, पुन्हा पुन्हा वास घेतला, आणि अखेर मान डोलावली. "माझ्या तर लक्षातही आलं नसतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मोसमाचं बोलायला खुर्ची ओढून बसल्या. नणंद हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

चित्रं परत भिंतीला लागली नाहीत. वार्निश वाळलं, पण वाळूसकट. कप्तानाने आपल्या बोटीचं चित्र हवं म्हणून हट्ट धरला आणि वर बोटीचं धुराडं चुकलंय असं सांगितलं, त्यावरून नणंदेचं त्याच्याशी अंगणात कडाक्याचं भांडण झालं. तो चित्र घेऊनच गेला. धक्क्याच्या चित्रावर खरी वाळू फार शोभते, असं मास्तर म्हणाले. त्यांनाही बोलणी बसली. तेलकट हाताचं चित्र कुणी मागितलं, तर नणंदेने ते नाही म्हणून उचलून घरात नेलं.

दिवस कलला, शेवटच्या बोटीने भोंगा दिला. दुकानात पाव-चीजचे तुकडे, बुचं, उष्टे ग्लास. वहिनीने नणंदेचा दंड धरला.

"जरा कोठीत चल."

"आता काय? माझं नाक बधिर झालंय."

"चल गं."

कोठीत वहिनीने ह्या वेळी दिवा लावला. खुंटीवरची खोळ सोडली आणि कोट बाहेर काढला. नणंदेचा चेहरा एकदम उतरला. भावाचा कोट इथे आहे हे तिला माहीत नव्हतं. सगळे कपडे देऊन टाकले असंच वहिनीने तिला सांगितलं होतं.

"रोज सकाळी मी ह्याचा वास घ्यायची," वहिनी म्हणाली. "तापानंतर काहीच येत नाही. मला फक्त एवढंच सांग, ह्याच्यात तो आहे की गेला?"

"आहे," नणंद ताबडतोब म्हणाली.

"नाक न लावता?" वहिनीने कोट तिच्यापुढे धरला. "काल भरल्या खोलीत केवढ्या सफाईने खोटं बोललीस, मी बघितलंय. माझ्यासाठीच बोललीस. पण आत्ता नको, वन्सं. नसेल तर नाही म्हण. मी सोसेन. रोज रिकाम्या कापडात तोंड घालणं मला नाही सोसत."

नणंदेने कोट हातात घेतला. कॉलर उलटी केली, अगदी वहिनी करायची तशीच, आणि तोंड आत घातलं. वहिनी तिच्या पाठीकडे बघत उभी होती.

"डिझेल," नणंद आतूनच म्हणाली. "फिकं झालंय. पण आहे."

इंजिनवाल्याच्या कोटाला डिझेलचा वास, हे कुणीही सांगितलं असतं.

"लवंग."

तेही. त्याची लवंग सगळ्या बेटाला माहीत होती. वहिनीने डोळे मिटून घेतले. सांगतेय बिचारी, तिला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून आठवून आठवून सांगतेय. गेला तर मग. ठीक आहे.

नणंदेने मान बाहेर काढली. कपाळावर तीच आठी, सडक्या बुचाच्या वेळची. तिने परत नाक लावलं, ह्या वेळी खाली, अस्तराच्या शिवणीपाशी, आणि ताडकन सरळ झाली.

"वहिनी, दादा सिगरेट ओढायचा?"

वहिनीचे डोळे उघडले.

"इथे आहे, शिवणीत! स्पष्ट आहे!" नणंदेचा आवाज चढला. "बाबांचा हात धरून शपथ घेतली होती ह्याने! मी होते तिथे! मी रडले होते गं तेव्हा! आणि हा लबाड… लवंग! म्हणून ती लवंग! तुला माहीत होतं हे? वहिनी? अगं, हसतेस काय? रडतेस काय? काय झालं?"

वहिनीने कोटासकट तिला कवेत घेतलं. तिला नीट बोलता येईना.

"परत घे," ती म्हणाली. "परत एकदा वास घे आणि सांग मला."